हुकूम न निघालेली शिक्षा

"खेळाडूने खेळावे, पैसे घ्यावे आणि घरी जावे. यजमानाने मानाने बोलावले असता त्याच्याच हाती तक्रारअर्ज ठेवणाऱ्या पाहुण्याला काय म्हणावयाचे? पुढे त्याला कोणी दारात उभे केले नाही, तर त्यात नवल कसले?"

हे उद्गार आम्ही गेल्या महिन्यात येथील महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयात ऐकले. बोलणारे गृहस्थ हिशेब तपासणीच्या खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, वयाने आम्हांहून वडील, आणि मंडळात त्यांच्या शब्दाला वजन आहे. विषय निघाला तो एका सभासदाच्या मुलामुळे. शिकागो बुल्स या अमेरिकन बास्केटबॉल संघावर २०२० साली दहा भागांची एक चित्रमालिका निघाली, ती त्याने नुकतीच पाहिली होती. तो म्हणाला, "काका, शंभराहून अधिक माणसांना त्यात बोलते केले आहे, पण क्रेग हॉजेस त्या संघात चार हंगाम होता, त्याला मात्र एक प्रश्नही विचारलेला नाही." हॉजेस कोण, असे आम्ही विचारले. त्याने दोन-चार वाक्यांत हकीकत सांगितली, आणि त्यावर वर दिलेला निकाल लागला. मंडळी हसली. खरे सांगावयाचे तर हसण्याइतपत ओठ आम्हीही हलविले. घरी पोचेपर्यंत त्या हसण्याची आम्हांस लाज वाटू लागली होती. मग आम्ही त्या माणसाविषयी मिळेल ते वाचून काढले. जे तेथे बोलावयास हवे होते ते येथे लिहीत आहोत. वाचनालयात ज्येष्ठांपुढे गप्प राहावयाचे आणि मासिकात शूर व्हावयाचे, ही आमच्या वर्गाची जुनी रीतच आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

आपल्याकडे बास्केटबॉल हा शाळा-कॉलेजांच्या पटांगणांवरचा, किंवा रेल्वे, पोलीस व सैन्य यांच्या संघांचा खेळ. त्यात नाव कमावणाऱ्यास फार तर एक बरी नोकरी मिळते. अमेरिकेत तो अब्जावधींचा व्यापार आहे, आणि त्या व्यापाराची पेढी म्हणजे एन.बी.ए. ही संघटना. तीत संघ थोडे, प्रत्येक संघातील जागा डझनभर, आणि तिकडे डोळे लावून बसलेली मुले लक्षावधी. हॉजेस १९६० साली जन्मला, शिकागोच्या दक्षिणेकडील उपनगरांत वाढला, आणि कॅलिफोर्नियात लाँग बीच येथील विद्यापीठात टेक्स विंटर या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झाला. १९८२ साली सॅन डिएगो क्लिपर्स या संघाने त्याला निवडले ते तिसऱ्या फेरीत, ४८व्या क्रमांकावर. त्याच्याकडून कोणी मोठी आशा बाळगली होती असे म्हणता येत नाही.

परंतु त्याच्या अंगी एक विद्या होती. एन.बी.ए.ने १९७९ साली मैदानावर एक लांबची कमान आखली, आणि तिच्याबाहेरून चेंडू रिंगणात टाकील त्याला दोनाऐवजी तीन गुण देण्याचा नियम केला. ही कमान मधोमध रिंगणापासून २३ फूट ९ इंच अंतरावर असते. रिंगणाचा व्यास अवघा १८ इंच. एवढ्या अंतरावरून, अंगावर धावून येणाऱ्या उंच माणसाच्या हातावरून, हॉजेसने दहा हंगामांत टाकलेल्या चेंडूंपैकी शंभरात चाळीस आत गेले. या फेकीची दरवर्षी एक स्वतंत्र स्पर्धा होते: त्या काळी तीत पाच जागा, प्रत्येक जागी पाच चेंडू, आणि वेळ एक मिनिट असे. ती स्पर्धा त्याने १९९०, १९९१ व १९९२ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकली. त्यापूर्वी असा पराक्रम एकट्या लॅरी बर्डने केला होता. १९९१ साली शार्लट येथे तर त्याचे एकामागून एक १९ चेंडू आत गेले. चित्रफितीत ते दृश्य आजही पाहावयास मिळते. हात वर जातो, मनगट वळते, चेंडू जाळीतून खाली येतो, आणि तोवर दुसरा चेंडू हाती आलेला असतो. माणूस न थकणाऱ्या यंत्रासारखा वाटू लागतो, आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा दहाव्या-बाराव्या चेंडूनंतर थोडा बदलतो, त्यात कौतुकाइतकेच आश्चर्य ऐकू येते. शिकागो बुल्सने १९९१ व १९९२ साली अजिंक्यपद मिळविले, त्या दोन्ही संघांत तो होता. त्या संघाचा सूर्य मायकेल जॉर्डन. हॉजेस हा बाकावरून उठून मोक्याच्या वेळी दोन-चार लांबचे चेंडू टाकून जाणारा गडी. त्याची बरोबरी जॉर्डनशी करण्याचा आमचा इरादा नाही.

आता तो पाहुणचाराचा प्रसंग. अजिंक्य संघाला राष्ट्राध्यक्षांनी आपल्या निवासस्थानी बोलावून गौरवावयाचे, असा त्या देशात प्रघात आहे. त्याप्रमाणे १ ऑक्टोबर १९९१ रोजी बुल्सचा संघ थोरल्या जॉर्ज बुश यांच्या भेटीस व्हाईट हाऊसमध्ये गेला. जॉर्डन आलाच नाही. तो गोल्फ खेळावयास गेला होता, आणि त्याबद्दल त्याचे कोणी वाकडे केले नाही. हॉजेस आला. इतर मंडळी कोट-टायमध्ये. हा पांढरी डाशिकी, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील लोक घालतात तसा सैल अंगरखा, घालून आला. राष्ट्राध्यक्षांच्या अंगणात बास्केट होते, तेथे त्याने त्याच अंगरख्यात आपली फेकही करून दाखविली. आणि त्याने बरोबर आणलेले एक पत्र राष्ट्राध्यक्षांसाठी सुपूर्त केले.

या पत्रात काय होते? शिव्या नव्हत्या, धमकी नव्हती. ज्यांना या वास्तूत येऊन देशाच्या नायकास भेटणे शक्य नाही अशा दरिद्री, बेघर, मूळ रहिवासी आणि विशेषेकरून कृष्णवर्णीय लोकांच्या वतीने मी लिहीत आहे, असे त्यात म्हटले होते. आपण सरकारकडे भीक मागत नाही हे त्याने स्पष्ट केले होते. तीनशे वर्षांच्या फुकट गुलामश्रमाने या समाजाची जी वाताहत झाली तिच्यावर समग्र योजना आखण्याची वेळ आली आहे, एवढे त्याचे म्हणणे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी नोकरीत हजारो अर्ज वाचले असतील. याहून सौम्य भाषेतला अर्ज त्यांच्या टेबलावर किती वेळा आला, हे त्यांनीच आठवून पाहावे.

आमचे वडील मित्र म्हणतात, खेळात राजकारण आणले. आम्ही विचारतो, कोणी आणले? बास्केटबॉलचे सामने जिंकणाऱ्या बारा-पंधरा जणांचे राष्ट्राध्यक्षांच्या अंगणात काय काम होते? ते खेळावयास गेले नव्हते. एका निवडून आलेल्या पुढाऱ्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्यास त्यांना नेले होते, आणि पुढच्याच वर्षी निवडणूक होती. खेळाला राजकारणाच्या घरी नेले ते संघमालकांनी व यजमानांनी. तेथे हसून उभे राहणे म्हणजे राजकारण नव्हे, आणि कागद पुढे करणे म्हणजे राजकारण, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली? अर्ज न करणाऱ्याचे राजकारण दिसत नाही एवढाच फरक. आणि पाहुण्याच्या सभ्यतेचे म्हणाल, तर राष्ट्राध्यक्षांचे घर हे खाजगी घर नव्हे. रयतेच्या खर्चाने चालणाऱ्या वाड्यात रयतेपैकी एकाने रयतेचे गाऱ्हाणे नेले, याला आपल्या देशी फार जुने आणि फार आदरणीय नाव आहे; दरबारात फिर्याद घेऊन जाणे असे त्याला म्हणतात. फिर्यादीला असभ्य म्हणणारे दरबारी पूर्वीही होतेच.

या एकाच पत्राने सारे घडले असेही नाही. १९९१ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग याला रस्त्यावर पाडून काठ्यांनी झोडपले, आणि कोणीतरी ते चित्रफितीवर टिपल्यामुळे साऱ्या जगाने ते पाहिले. त्या वर्षी अजिंक्यपदाची लढत शिकागो व लॉस एंजेलिस याच दोन शहरांच्या संघांत होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात हॉजेस सांगतो की, पहिल्या सामन्यास दोन्ही संघांनी उतरूच नये, असे त्याने जॉर्डन व मॅजिक जॉन्सन या दोघांस सुचविले होते. एकाला ते वेडेपणाचे वाटले, दुसऱ्याला टोकाचे. पुढे २९ एप्रिल १९९२ रोजी किंग प्रकरणातील पोलीस सुटले, लॉस एंजेलिस पेटले, ५०हून अधिक माणसे मेली. त्याच सुमारास अजिंक्यपदाचे सामने चालू असता हॉजेसने जॉर्डनच्या मौनावर वृत्तपत्रातून उघड टीका केली. रिपब्लिकन पक्षाचे लोकही बूट विकत घेतातच, हा जॉर्डनचा प्रसिद्ध विनोद. आपण तो थट्टेत केला होता असे त्याने स्वतः वर सांगितलेल्या चित्रमालिकेत कबूल केले आहे. थट्टा खरी, पण तिच्यात त्या सबंध व्यापाराचे अर्थशास्त्र आले. बूट सर्वांस विकावयाचे असतील तर कोणासही दुखवून चालत नाही, आणि गरिबाची बाजू घेतल्याने दुखावणारा मनुष्य बहुधा बूट घेण्याची ऐपत असलेलाच असतो.

अजिंक्यपद पदरात पडल्यावर त्याच १९९२ च्या उन्हाळ्यात बुल्सने हॉजेसला मोकळे केले. त्याचे वय ३२. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. संघ माणसे घेतात, सोडतात. नवल पुढेच आहे. लागोपाठ तीन वर्षे लांब फेकीचा विजेता ठरलेल्या या माणसाला एकाही संघाने घेतले नाही. घेतले नाही एवढेच नव्हे, हात बघण्यासाठीसुद्धा कोणी बोलावले नाही. बुल्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनीच पुढे म्हटले की, आम्ही सोडलेल्या खेळाडूविषयी निदान एखादा तरी दूरध्वनी येतो, हॉजेसबद्दल एकही आला नाही, याचे आपल्याला नवल वाटले. १९९३ साली लांब फेकीच्या स्पर्धेत आपले विजेतेपद राखावयास तो उभा राहिला, तेव्हा त्याच्या अंगावर कोणत्याच संघाचे नाव नव्हते. संघटनेने आधी त्याला येऊ देण्याचे नाकारले होते. मग ओरड झाल्यावर परवानगी दिली, आणि नुसती एन.बी.ए. ही अक्षरे असलेला सदरा त्याला घालावयास दिला. एका संस्थेने आपल्याच विजेत्याला अनाथ करून, वर आपलेच नाव त्याच्या छातीवर चिकटवावे, असा तो प्रकार.

संघांच्या बाजूनेही बोलले जाते, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. बुल्सचे म्हणणे असे की, वय झाले होते, खेळ उतरला होता. शेवटच्या हंगामात त्याचे गुण सरासरी सामन्याला चारांच्या आसपास होते, आणि प्रतिस्पर्ध्याला अडविण्यात तो कच्चा होता, हे खुद्द जॅक्सन यांनीही नाकारले नाही. मात्र अडविता न येणारे पुष्कळ आहेत, इतक्या लांबून टाकणारे फार नाहीत, अशी त्यांनी पुस्ती जोडली. हे सारे ठीक. पण हॉजेसच्या जागी लांब फेकीसाठी बुल्सने पुढच्या हंगामात कोणाला आणले? ट्रेंट टकर याला. टकरचा जन्म डिसेंबर १९५९ चा, हॉजेसचा जून १९६० चा. म्हातारा झाला म्हणून ज्याला काढले, त्याच्या जागी त्याच्याहून सहा महिन्यांनी वडील मनुष्य बसविला! हिशेब तपासणीत उमेदवारी केलेल्या माणसाला या आकड्यांपुढे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावेसे वाटू नये, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

"पुरावा दाखवा" असा आग्रह आमच्या मित्रांनी धरला. पुरावा नाही. संघटनेने कट असल्याचा इन्कार केला, आणि तसा कागद कोठे सापडला नाही. परंतु कागद नाही हीच तर या शिक्षेची सगळी हुशारी! आम्हां सरकारी नोकरांना संविधानाच्या ३११व्या कलमाचे कवच आहे. काही अपवाद सोडता, आरोप कळविल्यावाचून आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून मुलकी नोकराला बडतर्फ करता येत नाही वा हुद्द्यावरून खाली आणता येत नाही. हुकूम निघाला की त्यावर अपील आहे, न्यायालय आहे. परक्या सरकारच्या काळातसुद्धा शिक्षेला निदान काही रूप होते. १८७९ साली वासुदेव बळवंतांच्या बंडाने आणि पुण्यातील वाड्यांच्या आगींनी सरकार बिथरले, नाशिकास असलेल्या माधवराव रानड्यांवर संशय आला, आणि त्यांना तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले. अन्याय होता, पण बदलीचा हुकूम हाती होता, आणि कोणी काढला तेही ठाऊक होते. मुहम्मद अलीने १९६७ साली सैन्यात जाण्याचे नाकारले तेव्हा त्याचे मुष्टियुद्धाचे अजिंक्यपद उघडपणे काढून घेण्यात आले. तो भांडला, आणि १९७१ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक घेताना मुठी उंचावणाऱ्या टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस यांना संघातून काढले ते साऱ्या जगासमोर. जे उघड होते त्याच्याशी झगडता येते. हॉजेसने झगडावयाचे कोणाशी? न आलेल्या दूरध्वनीशी?

पुढे १९९६ साली त्याने शिकागोच्या न्यायालयात एन.बी.ए. व तिचे २९ संघ यांवर चार कोटी डॉलरचा दावा लावला. आपल्या राजकीय मतांमुळे, लुई फराखान यांच्याशी असलेल्या संबंधामुळे, आणि धनिक खेळाडू आपल्या समाजासाठी काही करीत नाहीत असे बोलल्यामुळे आपल्याला वाळीत टाकले, असे त्याचे म्हणणे होते. फराखान यांच्या ज्यूद्वेषी भाषणांविषयी आम्हांस घृणा आहे, आणि हॉजेसने त्यांच्याशी जवळीक ठेवावी हे आम्हांस पटत नाही. पण मग तो आरोप स्पष्ट शब्दांत ठेवून त्याचे उत्तर मागता आले असते. तेही झाले नाही. १९९८ साली दावा फेटाळला गेला, तो खरा की खोटा हे ठरवून नव्हे, तर मुदतीबाहेर दाखल झाला म्हणून. मुदतीच्या कायद्याचे महत्त्व आम्ही जाणतो. जन्मभर त्यावरच टिपणे लिहिली. तरीही एक शंका येथे नोंदवितो. ज्या शिक्षेचा हुकूमच निघाला नाही, तिची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची? आज दूरध्वनी आला नाही, उद्या येईल, हंगाम सुरू झाला, आता कोणाचा तरी पाय मुरगळेल आणि बोलावणे येईल. अशी वाट पाहणारा मनुष्य शहाणा होईपर्यंत मुदत संपलेली असते.

त्या दाव्यात एक आरोप असा होता की, सिअ‍ॅटल संघाच्या एका अधिकाऱ्याने आधी हॉजेसविषयी उत्सुकता दाखविली आणि मग माघार घेतली. कारण विचारता, आपल्यालाही घरदार आहे, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. तो अधिकारीही कृष्णवर्णीयच. हे न्यायालयात सिद्ध झाले नाही, म्हणून त्या गृहस्थाविषयी आम्ही काही म्हणत नाही. पण ते वाक्य वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून ठेवले. कारण ते वाक्य आमचे आहे. ते आम्ही स्वतः उच्चारले आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. महाराष्ट्रापासून पुष्कळ दूर, एका कचेरीत आम्ही होतो. ती कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. शेजारच्या टेबलावर आमच्याच हुद्द्याचा एक सहकारी बसे. एका प्रकल्पाखाली जमीन गेलेल्या लोकांच्या भरपाईच्या यादीत बरीच नावे गळली होती. यादीला त्याने मान्यता द्यावी अशी वरून इच्छा होती. त्याने फाईलवर दीड पानाचे टिपण लिहिले, गळलेली नावे एकामागून एक नोंदविली, आणि खाली सही केली. त्याला कोणी मेमो दिला नाही. कोणी रागावले नाही. साहेब पूर्वीसारखेच "कसे काय?" म्हणत. फक्त त्याच्या टेबलावर फाईल यावयाची थांबली. एक आठवडा, दोन आठवडे, मग सहा महिने. सकाळी तो येई, खुर्ची पुसे, पेनात शाई भरी, वर्तमानपत्र वाची, आणि संध्याकाळी जाई. शिपाई आमच्या टेबलावर फाईलींचा गठ्ठा ठेवताना त्याच्या टेबलाला वळसा घालून येई. पुढे पुढे तो वळसा इतका सवयीचा झाला की, शिपाई बदलला तरी वळसा राहिला. दुपारच्या चहाला पूर्वी आम्ही चौघे एकत्र बसत असू. तिघे बसू लागलो. असे ठरले कधीच नाही. आमचा पुण्याच्या बदलीचा अर्ज त्या वेळी वर गेलेला होता, आणि आई तिकडे आजारी होती. पत्नीने एकदा विचारले, "ते हल्ली घरी येत नाहीत, काही झाले का?" आम्ही म्हणालो, "अगं, आपल्यालाही घरदार आहे." बदली मिळाली. निघताना त्याच्या टेबलाशी जाऊन निरोप घ्यावयाचा होता. साहेब खोलीत होते, म्हणून दारातूनच हात केला.

त्याला शिक्षा कोणी केली? साहेबांनी? त्यांच्या सहीचा एकही कागद सापडणार नाही. ३११वे कलम बडतर्फीला लागू पडते. टेबलावर फाईल न येण्याला ते लागू पडत नाही, चहाला न बोलावण्याला तर नाहीच. ती शिक्षा आम्ही तिघांनी दररोज थोडी थोडी बजावली. म्हणून २९ संघांपैकी एकानेही दूरध्वनी न करण्यासाठी कट करावा लागतो, असे कोणी म्हटले म्हणजे आम्हांस हसू येते. कटाची गरज काय? प्रत्येकाने आपापले घरदार आठवावे, एवढे पुरते. या पद्धतीत गुन्हेगार नसतो, साक्षीदारच असतात, आणि ते सगळे प्रामाणिकपणे सांगतात की आम्ही काही केले नाही.

हॉजेसच्या मागून याच मार्गाने दुसरा गेला. डेन्व्हर संघाचा महमूद अब्दुल रऊफ हा मार्च १९९६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहीना, म्हणून निलंबित झाला. त्याला हुकूम मिळाला, आणि दोन दिवसांत तडजोडही झाली: उभे राहावे, पण मान खाली घालून प्रार्थना करण्यास हरकत नाही. हुकुमाचे प्रकरण मिटले. न लिहिलेले सुरू झाले. संघात सर्वाधिक गुण त्याचे असता त्याच उन्हाळ्यात त्याला दुसरीकडे धाडले, दोन वर्षांत कोणी घेईनासे झाले, वय अवघे २९, आणि मग तुर्कस्तानपासून जपानपर्यंत परदेशी मैदाने.

हॉजेसलाही हरल्याचे रडगाणे गाता आले असते. तो युरोपात थोडा खेळला, शिकागोच्या एका विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला, आणि २००५ साली फिल जॅक्सन यांनी त्याला लॉस एंजेलिस लेकर्स या संघात फेक शिकविण्यासाठी बोलावून घेतले. तेरा वर्षांनी एका माणसाने दूरध्वनी केला. सहा वर्षे तो तेथे राहिला, आणि त्या अवधीत त्या संघाने दोन अजिंक्यपदे मिळविली. म्हणजे त्याची विद्या कोठे गेली नव्हती. तीच विद्या आज त्या खेळाचे सर्वस्व झाली आहे. हॉजेसच्या काळी सबंध संघ एका सामन्यात तीन गुणांच्या जेवढ्या फेकी करी, त्याहून अधिक आता एखादा खेळाडू एकटा करून जातो. त्या माणसाला मैदानाबाहेर बसविल्याने त्या खेळाचे काय गेले, याचा जमाखर्च मांडावयाचा तर हेही धरावे लागेल.

२०२० च्या वसंतात ती चित्रमालिका निघाली. त्याच वर्षीच्या २३ ऑगस्टला विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा येथे एका कृष्णवर्णीय माणसाच्या पाठीत पोलिसाने गोळ्या घातल्या, आणि २६ तारखेस त्या राज्याचा मिलवॉकी बक्स हा संघ सामन्याच्या वेळी मैदानावर आलाच नाही. १९८४ ते १९८८ या काळात हॉजेस याच संघात होता. १९९१ साली त्याने जे सुचविले आणि जे वेडेपणाचे ठरले, ते २९ वर्षांनी त्याच्या जुन्या संघाने केले. संघटनेने काय केले? सामने पुढे ढकलले, आणि खेळाडूंच्या भावनांचा आदर व्यक्त केला. मैदानाच्या लाकडी फरशीवर कृष्णवर्णीयांच्या जिवाला मोल आहे अशा अर्थाची घोषणा आधीच मोठ्या अक्षरांत रंगविलेली होती. सदऱ्यावर पाठीमागे आपल्या आडनावाऐवजी न्यायाची मागणी करणारे शब्द लिहिण्याची मुभाही खेळाडूंना मिळाली होती; मात्र कोणते शब्द चालतील त्यांची मंजूर यादी तयार करण्यात आली होती, आणि त्या यादीतूनच निवड करावयाची होती. हा तपशील वाचून आम्ही खुर्चीवरून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. निषेधाची मंजूर यादी! आमच्या कचेरीतील कोणाही हुशार माणसाला हे सुचले असते.

येत्या रविवारी वाचनालयात हे सर्व आम्ही मोठ्याने वाचणार आहो. वडील गृहस्थ बहुधा म्हणतील की, तुम्ही निवृत्तीला आलात म्हणून हे सुचते. आणि त्यात खोटे काही नाही. त्या तरुणास यावयास सांगितले आहे. आमच्या जुन्या सहकाऱ्याचा पत्ता मात्र दोन ठिकाणी विचारूनही अजून मिळालेला नाही.